ओल्या पोत्यातली बाटली

आमच्या जिल्ह्यात ऐन मे महिन्यात कुठं कुठं गारवा सापडतो, ते मला या वर्षी कळलं. तोवर मी जळकोटच्या घराबाहेर फारशी पडले नव्हते. तुळजापूरला देवीला, सोलापूरला दवाखान्याला आणि जिल्ह्यातल्याच वाशीला थोरल्या बहिणीकडं, एवढंच माझं जग. नळदुर्गचा किल्ला तर आमच्या अगदी जवळ, मोटारीतून जाता-येता दिसतो, पण आत मी कधी गेले नव्हते. जायचं कारणच पडलं नाही. या वेळी पडलं, आणि ते कारण म्हणजे एक बाटली.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण परत आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. हातातलं काम अर्धवट टाकून मी मधेच उभी राहते आणि काय करत होते ते विसरते. लिहून काढलं तर जरा स्वस्थ बसवेल असं वाटतं. माझ्यासारख्या घरातच असणाऱ्या एखादीच्या हाती हे पडलंच, तर तिला निदान रस्ता कळेल.

जळकोट

माझा मुलगा महेश फ्रान्सात नोकरीला आहे. तिथल्याच क्लेर नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. घरात बरेच दिवस धुसफूस चालली. शेवटी माझे सासरे अप्पा म्हणाले की लग्न इथं, आपल्या पद्धतीनं होणार असेल तर होऊ द्या. मुलीचे वडील वारलेले. तिची आई, मोनिकबाई, लग्नाच्या आठवडाभर आधी महेश आणि क्लेरबरोबर आमच्याकडं आल्या. उंच बाई, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, आणि आल्या दिवसापासून उन्हानं नाक लाल.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला माडीवरच्या खोलीत बोलावलं. सोबत सविता होती. सविता म्हणजे माझ्या दिरांची मुलगी, सोलापूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून तिला मुद्दाम रजा काढायला लावली होती. मोनिकबाईंनी बॅग उघडली आणि लोकरीच्या स्वेटरमधून एक बाटली काढली. काळपट हिरवी काच, आत गडद लाल. तान्ह्या लेकराची मान धरतात तशी त्यांनी ती धरली होती.

त्या सांगत होत्या, सविता मराठीत करत होती. क्लेर जन्मली तेव्हा तिच्या बापानं त्याच सालच्या वाइनच्या तीन बाटल्या घेऊन ठेवल्या. तो पोस्टात नोकरीला होता, अशी वाइन रोज पिणाऱ्यांतला नव्हता. पण लेकीसाठी म्हणून घेतल्या, घराखालच्या तळघरात आडव्या ठेवल्या आणि तिथं कुणाला धावू-खेळू दिलं नाही. एक बारशाला उघडली. एक ती अठरा वर्षांची झाली तेव्हा. तिसरी लग्नासाठी. लग्नाच्या जेवणात ती उघडायची आणि दोन्ही घरांनी तिच्यातला घोट घोट घ्यायचा.

"म्हंजे तो लग्नाला आला असं होईल, असं म्हणतायत," सविता म्हणाली.

बाटलीच्या कागदावर १९९८ असं छापलेलं होतं. ते आकडे मलाही वाचता आले. मोनिकबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मी मान हलवली. म्हणजे मी हो म्हटलं.

मान हलवून झाल्यावर मला अप्पा आठवले. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग धारण करणारे. आमच्या घरात तो पदार्थ येत नाही. त्यातून अप्पांचे थोरले भाऊ दारूनंच गेले. तेव्हापासून पाहुणा कितीही जवळचा असो, वास आला तर अप्पा त्याला ओट्यावरूनच माघारी लावतात. आणि इथं ती बाटली उंबरा ओलांडून, देवघरासमोरून, जिना चढून माझ्या पुढ्यात आली होती.

मी सविताला सगळं सांगितलं, तिनं त्यांना सांगितलं. मोनिकबाई रागावल्या नाहीत. मग कुठं ठेवू, एवढंच त्यांनी विचारलं. हिला अंधार लागतो, गारवा लागतो, आडवं पडून राहायला लागतं. एक दिवस जरी तापली तरी इतक्या वर्षांचं पाणी होईल.

दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचंच होतं. भाऊबंदांत लग्नाच्या अक्षता द्यायच्या होत्या, आणि घर रंगाऱ्यांच्या ताब्यात होतं. त्या निमित्तानं विहीणबाईंना आपला मुलूख दाखवून आणा, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं होतं. वाशीपर्यंत जायचं आणि फिरायचं. तेव्हा बाटली आमच्याबरोबर निघाली. अप्पांना निघायच्या आधी सांगायचं असं मी ठरवलं. सकाळी गेले तर ते पूजेत होते. मग चहा घेत होते. मग मांडववाल्याशी बोलत बसले. मी दाराआड पदर धरून उभी राहिले आणि तशीच जीपमध्ये येऊन बसले.

जीप आमच्याच गावच्या रशीदभाईंची. त्यांनी माझ्या मांडीवरचं बोचकं पाहिलं. ऊन या बाजूला आलं की मी ते त्या बाजूला सरकवत होते, तेही पाहिलं. मग गाडी थांबवली, एक रिकामं पोतं एका हौदात बुचकळून पिळलं आणि मला दिलं.

"भाभी, ह्यात गुंडाळा. वारं लागलं की गार ऱ्हातंय. आत काय हाय ते मला सांगू नका. मंग कुनी इचारलं तर मला खोटं बोलावं लागनार न्हाय."

नळदुर्ग

किल्ल्यात बोरी नदीला अडवून बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटातच महाल बांधलाय. त्याला पाणीमहाल म्हणतात. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी कोसळतं आणि लोक बघायला गर्दी करतात. आम्ही गेलो तेव्हा नदी खाली गेलेली, पाण्यावर हिरवट साय. बाहेर उन्हानं डोळे उघडवत नव्हते. पायऱ्या उतरून आत गेलो आणि एकदम कुणी तोंडावरून ओला हात फिरवावा तसं झालं.

मोनिकबाईंनी दगडी भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले आणि दुसरा हात माझ्यापुढं केला. मी पोतं दिलं. त्यांनी बाटली एका कोनाड्यात आडवी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा मी सुख पाहिलं. मग आम्ही दोन-तीन तास तिथंच बसलो. माणसं येत होती, फोटो काढून जात होती. कोनाड्याकडं कुणी वळलं की सविता पुढं सरकून उभी राहायची.

मी धपाटे, दही आणि शेंगाचटणी आणली होती. मोनिकबाईंनी धपाट्याचा तुकडा हातात फिरवून विचारलं की हे कशाचं पीठ. मी सविताला सांगितलं, ज्वारी जास्त, थोडे गहू, थोडी हरभऱ्याची डाळ. प्रमाण किती, तर ते ज्वारीवर आहे. एखाद्या साली ज्वारीला चिकटपणा कमी असतो, मग गहू जरा वाढवायचे. ते ऐकून त्या हसायलाच लागल्या. कोनाड्याकडं बोट करून म्हणाल्या, तिचंही तसंच आहे.

त्या बाटलीत तीन जातींच्या द्राक्षांची वाइन एकत्र केलेली होती. मेर्लो नावाची सगळ्यात जास्त, तिनं तोंडात मऊपणा येतो. थोडी काबर्ने फ्रांक, वासासाठी. आणि अगदी थोडी काबर्ने सोव्हिन्याँ, ती बाकीच्यांना धरून ठेवते. कुणाचं किती घ्यायचं ते दर साली चाखून ठरवतात, कारण दर सालचं ऊन वेगळं, पाऊस वेगळा. त्या साली मेर्लो लवकर पिकली आणि पाऊस यायच्या आत तोडून झाली. उशिरा पिकणारी पावसात सापडली. म्हणून जिथं मेर्लो जास्त, तिथलं ते साल नावाजलं. हे सगळं क्लेरच्या बापाला पोस्टात पत्रं टाकायला येणाऱ्या एका मळेवाल्यानं सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या.

आमच्याकडंही म्हणतात की औंदाची ज्वारी गोड आहे. पण ती आम्ही खाऊन टाकतो आणि साल विसरतो. माझ्या मनात १९९८ आलं. महेश तेव्हा नुकता चालायला लागला होता. माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किती तरी वर्षं पत्र्याच्या शेडात काढून माझी आई तेव्हा कुठं नव्या घरात राहायला गेली होती, पण छताखाली झोपायची नाही. अंगणात बाज टाकायची. मी हे बोलले नसते, पण तिथं अंधार होता म्हणून बोलले. सविता सांगत असताना मोनिकबाई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांनी विचारलं, त्या सालातलं तुम्ही काय ठेवलंय?

"महेशच हाय की, काकू," सविता म्हणाली. "त्यो बी आडवा पडूनच असतो."

आम्ही तिघी हसलो. पण निघताना मला पुन्हा तेच लागलं. अप्पांना काय सांगायचं.

तुळजापूर आणि धाराशिव

तुळजापुरात देवळाजवळ बाटली नेणं माझ्या मनाला पटेना. म्हणून आधी सविता आणि मोनिकबाई दर्शनाला गेल्या आणि मी जीपमध्ये पोतं मांडीवर घेऊन बसले. लिंबाची सावली सरकली की रशीदभाई गाडी सरकवायचे. कवड्यांच्या माळा विकणारी एक म्हातारी खिडकीशी आली आणि वाकून पोत्याकडं बघायला लागली.

"लेकरू हाय व्हय गं? उन्हाचं कशाला आणलंस? तोंड तरी दाव."

मी पोत्यावर पदर ओढला. रशीदभाईंनी आरशातून बघत सांगितलं की लेकरू परदेशी आहे, त्याला इथली हवा सोसत नाही. म्हातारीनं लांबूनच माझ्या मांडीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि निघून गेली. पुढं बराच वेळ रशीदभाईंचे खांदे हलत होते.

त्या परतल्यावर मी गेले तेव्हा रांगेत उभं राहून मी देवीकडं एवढंच मागितलं की बाटली तापू नये. मग मलाच लाज वाटली. देवीच्या दारात कशासाठी हात जोडतेय मी.

त्या दिवशी दोन घरी अक्षता दिल्या. आमच्याकडं पाहुणा नको म्हणतो आणि वाढणारी वाढतेच. नको म्हणणं ही रीत आहे, ते खरं नसतं. मोनिकबाईंचं नको खरं होतं, पण ते कुणाला कळणार. त्यांच्या देशात ताटात टाकणं म्हणजे घरच्यांचा अपमान, म्हणून वाढलेलं सगळं त्या खात गेल्या. धाराशिवला माझ्या चुलत नणंदेनं गुलाबजाम वाढले, तेही संपवले. लॉजवर पोचल्यावर त्यांच्या पोटानं हात टेकले. मी ओवा-मीठ दिलं. तोंड वाकडं करून त्यांनी ते गिळलं आणि हात जोडून काहीतरी म्हणाल्या. सविता म्हणाली, त्या म्हणतायत हे आमच्या वाइनपेक्षा जोरदार आहे.

लॉजवर खोली गार करणारं यंत्र होतं, त्यामुळं बाटली कपाटात ठेवून आम्ही निर्धास्त झालो. पण रात्री वीज गेली. खोली भाकरीच्या तव्यासारखी तापायला लागली. पुन्हा पोतं, पुन्हा पाणी. मी कपाट उघडून काचेला हात लावायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. घरून फोन आला की मी कपाटाला पाठ लावून बोलायची. नवरा विचारायचा, विहीणबाई खूश आहेत ना. मागं अप्पांचा खोकला ऐकू यायचा.

सकाळी उन्हं चढायच्या आत धाराशिवची लेणी पाहिली. बाकी लोक मूर्ती बघत होते. आम्ही दोघी भिंतींना हात लावून गारवा बघत होतो. हसू येईल, पण आता आम्हाला न बोलता कळायला लागलं होतं. मोनिकबाई एका भिंतीला हात लावून मान हलवायच्या, मी दुसऱ्या भिंतीला हात लावून इकडं या म्हणून खुणावायची.

वाशी

येरमाळ्याचा घाट उतरून वाशीला अक्काच्या घरी पोचलो. अक्का माझी थोरली बहीण, कस्तुराबाई. तिचं घर जुनं, जाड भिंतींचं, वर मातीचं माळवद. मागच्या खोलीत ज्वारीची पोती रचलेली, खिडकी नाही, दिवसाही दिवा लागतो. मोनिकबाई आत गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. नळदुर्गनंतर एवढा गारवा हाच. बाटली पोत्यांवर आडवी ठेवली. अक्कानं विचारलं तेव्हा सवितानं सांगितलं की फ्रान्सचा द्राक्षाचा रस आहे, लग्नासाठी आणलाय. ते अगदीच खोटं नव्हतं.

अक्कानं खव्याच्या पोळ्या केल्या होत्या. तिकडचा खवा म्हणजे विचारायला नको. मोनिकबाईंनी या वेळी ताटावर हात आडवा धरायला शिकून घेतलं होतं. त्या दिवशी मी नीट झोपले.

दुसऱ्या सकाळी वरातीसाठी फटाके आणायला आम्ही तेरखेड्याला गेलो. गाव जवळच आहे. माळावर एकमेकांपासून लांब लांब शेडं, कागदाच्या नळ्या वळत बसलेल्या बाया, हात चंदेरी झालेले. एका बाईनं मोनिकबाईंच्या लाल नाकाकडं बघून स्वतःचं चंदेरी बोट दाखवलं आणि म्हणाली, रंग लावू का. त्यांना सवितानं सांगितलं, तर त्यांनी नाक पुढं केलं. परत येताना जीपमध्ये ते चंदेरी नाक घेऊन त्या बसल्या होत्या आणि आम्ही हसत होतो. अक्काच्या दारात उतरलो तेव्हा दुपार टळायला लागली होती.

अक्का माळवदावर होती. मी वर गेले. कुरडया वाळत होत्या, पापड होते, लोणच्याच्या बरण्या तोंडाला फडकं बांधून ओळीनं उन्हात होत्या. आणि त्या ओळीत, तिच्याही गळ्याला पांढरं फडकं बांधून, ती बाटली उभी होती.

अक्का आनंदानं म्हणाली, "अगं महानंदा, बरं झालं मी बघितलं. तळाला गाळ बसला होता तिच्या. रस इटाय लागला म्हणून सकाळधरनं ऊन दाखीवलं."

मागं पायऱ्यांवर मोनिकबाई आल्या. त्यांनी बाटली उचलली आणि हात भाजल्यासारखा दुसऱ्या हातात घेतली. तोंडावरचं पत्र्याचं टोपण फुगलेलं, आतलं बूच वर सरकलेलं, आणि काचेवरून एक बारीक लाल ओघळ खाली आलेला. त्या तापलेल्या माळवदावर तशाच खाली बसल्या. नाक अजून चंदेरी होतं.

सवितानं अक्काला खरं काय ते सांगितलं. अक्का आधी भांडली. गाळ बसलेली वस्तू कुणी अंधारात ठेवतं का, आणि मला सांगायला तोंड नव्हतं का तुमच्या. मग कुणासाठी ठेवली होती ते ऐकलं आणि तिनं तोंडावर पदर घेतला. मोनिकबाईंनीच उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, गाळ हे तिचं वय आहे, पण ते तुम्हाला कसं माहीत असणार.

मग त्या म्हणाल्या की बूच हललंय, आता ही लग्नापर्यंत थांबणार नाही. आजच उघडायला हवी. महेश आणि क्लेर सोलापूरला साड्या घ्यायला गेले होते. सवितानं फोन लावला, ते दिवस मावळेपर्यंत येतो म्हणाले. राहिलं आमचं घर. मोनिकबाई माझ्याकडं बघून थांबल्या. मीच सविताला म्हटलं, अप्पांना फोन लाव.

लग्न होऊन आल्यापासून मी अप्पांशी दाराआडून बोलत आले. जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच. फोनला दार नसतं. मी भिंतीकडं तोंड केलं आणि सगळं सांगितलं. बाटली माडीपर्यंत गेली होती, तेही सांगितलं. पलीकडं अप्पा खोकले.

"त्या मानसानं लेकीसाठी ठिवली म्हनतीस?"

"व्हय."

"घरात आनू नको. तितंच होऊ दे. पन त्या बाईला एकटीला बसू दिऊ नको. आपल्या घरचं वडीलधारं कोन हाय तितं?"

"मीच हाय."

"मंग तू घे. घराच्या नावानं."

मी फोन सविताला परत दिला. घराच्या नावानं मी आजवर हळदीकुंकवालासुद्धा गेले नव्हते, सासूबाई होत्या तोवर त्याच जायच्या, मग मीच टाळत आले.

दिवस मावळता मावळता क्लेर आणि महेश आले. अंगणात चटई टाकली. अक्कानं चहाचे काचेचे ग्लास धुऊन पुसून आणले आणि स्वतः लांब खांबाला टेकून बसली. बूच काढताना तुटलं, तुकडे आत पडले, तेव्हा अक्कानंच न बोलता मलमलचं धुवट फडकं आणून दिलं. मोनिकबाईंनी त्यातून गाळलं, पहिला ग्लास नाकाशी नेला आणि एक घोट घेतला.

त्यांचा चेहरा पापणी लवायच्या आत थिजला आणि पुन्हा हलला. मी तो चेहरा ओळखते. परक्या घरी जेवायला बसल्यावर आमटी खारट लागली की आपला चेहरा तसाच होतो. त्या अक्काकडं वळल्या आणि हसून बोलल्या. सवितानं सांगितलं, फार छान आहे म्हणतायत.

क्लेरनं घोट घेतला. आईकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मग ती उठून अक्काजवळ जाऊन बसली आणि शिकलेल्या मराठीत म्हणाली, "छान आहे, मावशी. बाबांची आहे." महेशनं पिऊन काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं लांबूनच त्याच्याकडं असं पाहिलं की ते मिटलं.

मग माझा ग्लास. मी पदराआड गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि मनात म्हटलं, घराच्या नावानं. आंबट लागलं, कडू लागलं, चिंचेची टरफलं उकळून ठेवावीत तसं. जीभ कोरडी पडली, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी. चांगली असती तर कशी लागली असती ते मला आता कधीच कळणार नाही. पण ही चांगली नव्हती, एवढं कळलं.

मोनिकबाई माझ्याकडं बघत होत्या. साऱ्या प्रवासात मी त्यांच्याशी सवितावाचून एक शब्द बोलले नव्हते.

"छान आहे," मी म्हणाले.

त्यांना ते समजलं. त्यांनी माझा हात धरला आणि दिवा लागेपर्यंत सोडला नाही. अक्का तेवढ्यात डोळे पुसून विचारत होती की तिला नुसता वास घेतला तर चालेल का.

परत जळकोट

घरी पोचलो तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते. बाकीचे आत गेले. त्यांनी मला थांबवलं.

"झालं का?"

झालं म्हटलं. कसं होतं, त्यांनी विचारलं. त्यांच्या समोर उभी राहून मी पहिल्यांदाच बोलत होते. मी जे कुणालाच सांगितलं नाही, ते त्यांना सांगितलं. म्हटलं, बिघडलं होतं, अप्पा. अक्काच्या हातून उन्हात राहिलं. पण विहीणबाईंनी अक्काला कळू दिलं नाही. पोरीनंही दिलं नाही. अप्पा काठी घेऊन उठले आणि आत गेले.

लग्नाच्या दिवशी पहिली पंगत पुरुषांची बसते. पानं मांडून झाली तेव्हा अप्पांनी आपल्या शेजारच्या पाटावर मोनिकबाईंना आणून बसवायला सांगितलं. मांडवात कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बाया मागनं बसतील की. अप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पळी घेऊन वाढायला आले. अप्पांनी मान वर केली आणि आपल्या दुसऱ्या बाजूला हात टेकला.

"ती ठिव कुनाजवळ. हितं बस."

मी पदर सावरून बसले. समोर गावातली सगळी माणसं, बाजूला अप्पा, त्यांच्या पलीकडं मोनिकबाई. ताटात हुग्गीवर तूप सुटलं होतं. पण घास हातात घेतला तरी माझी नजर ओळीनं पुढच्या पानांवर जात होती, कुणाचं काय संपलंय ते बघत. माझी मांडी दोनदा सुटली, उठायला. दोन्ही वेळा अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "जेव."